धारकाकांचं नाणं

जिन्याखालच्या खोलीला दार होतं, दारावर पाटी होती आणि पाटीवर 'प्रवेश बंद' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पाटी त्या काळातली, जेव्हा खोलीत विजेची बटणं होती. पुढे बटणं दुसरीकडे गेली, धारकाका आत आले आणि पाटी काढायचं काम ज्याच्याकडे होतं तो निवृत्त झाला. तेव्हापासून एकतीस वर्षं बर्फाच्या रिंकवर येणारा प्रत्येक जण त्या दारातून बिनदिक्कत आत शिरत होता आणि स्केट्स टेबलावर आपटून म्हणत होता, "काका, पाचपर्यंत पाहिजेत हं."

काकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. ते वाचायची वेळ फक्त कारकुनावर यायची, आणि तोही त्यांना धारकाकाच म्हणायचा.

खोली नऊ फूट बाय सहा फूट. वरून प्रेक्षकांच्या पायऱ्या गेलेल्या, म्हणून छतही पायऱ्यापायऱ्यांचं. दाराशी माणूस ताठ उभा राहू शके, टेबलाशी मान वाकवून, आणि मागच्या फळ्यांकडे जायचं तर जवळजवळ रांगतच. एकतीस वर्षांत काकांचा उजवा खांदा चांगला दोन बोटं खाली उतरला होता. साहेब लोक त्याला नम्रपणा समजत.

मागच्या फळ्यांवर भाड्याचे तीनशे दहा जोड, प्रत्येकाच्या टाचेवर नंबर. मधे धारेचं चाक, त्याची मोटार, स्केट पकडायचा शिकंजा, तेलाची बाटली. आणि काकांच्या शर्टाच्या खिशात नाणं.

या नाण्याबद्दल जरा सांगायला हवं. स्केटचं पातं लांबून सुरीसारखं दिसतं, पण खालून त्याला बारीकशी पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन अंगांना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या पाहिजेत. या धंद्यातलं शास्त्र म्हणतात ते एवढंच. बाकी सगळा हाताचा खेळ. कडा सारख्या झाल्या की नाही हे बघायला काका ते नाणं वापरत. चलनातून कधीच बाद झालेलं, तांब्याचं, चांगलं मोठं. त्यावरचं डोकं झिजून इतकं गुळगुळीत झालं होतं की राजा म्हणा, राणी म्हणा, कुणाची हरकत नव्हती. ते नाणं दोन कडांवर आडवं ठेवायचं, छापा वर, एक ठरावीक टवका आपल्याकडे. मग एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा. नाणं पात्यावर सरळ आडवं दिसलं की काका मोठ्यांदा म्हणत, "खणखणीत!" गिऱ्हाईक समोर असेल तर जरा जास्तच मोठ्यांदा.

त्या एका शब्दावर गाव निर्धास्त होतं.

आता या गावच्या पोरांची एक गंमत होती. डावीकडे गिरकी घ्यायला सांगा, अशी घेत की बघणाऱ्याला घेरी यावी. उजवीकडे वळा म्हटलं की तीच पोरं गणिताच्या पेपराला निघाल्यासारखी पाय ओढत. कोणी म्हणे पाण्याचा गुण, कोणी म्हणे उत्तरेकडच्या खिडक्यांमधून येणाऱ्या वाऱ्याचा. रिंकच्या कोचबाईंनी तर त्यावर 'डावी पद्धत' नावाचं छोटं पुस्तकच काढलं होतं. चाळीस पानं, त्यातली सव्वीस बाईंच्या फोटोंची. पुस्तकात श्वास होता, शिस्त होती, आहार होता. जिन्याखालच्या खोलीचा उल्लेख कुठे नव्हता, आणि तो का असावा, असं काकांनाही वाटायचं.

या पद्धतीचं सर्वांत गोड फळ म्हणजे भिंगरी. वय चौदा. सहाव्या वर्षी भाड्याचा नंबर अकराचा जोड घालून बर्फावर आली ती उतरलीच नाही. डावीकडे फिरायला लागली की माणूस दिसेनासा होई, नुसता रंग दिसे, म्हणून भिंगरी. तिच्या स्केट्सना आठ वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. स्वतःचे घेतल्यावरही ती 'प्रवेश बंद'मधूनच यायची.

आणि मग गावावर आंतरराष्ट्रीय ज्युनिअर फिगर स्केटिंग स्पर्धा कोसळली.

कोसळली म्हणायचं कारण असं की स्पर्धा दुसऱ्या एका मोठ्या शहरात व्हायची होती. तिथल्या रिंकचं छप्पर गळायला लागलं, आणि एकवीस देशांचे होतकरू विजेते आपल्या आया, कोच आणि केसांच्या पिनांसकट इकडे वळले. मॅनेजरसाहेबांनी पंधरा दिवसांत इमारत रंगवून काढली. म्हणजे कॅमेरा जाणार होता तिथे रंग गेला. जिन्याखालचं दार चित्रात अर्धंच येतं असं कुणीतरी मोजून सांगितलं, म्हणून त्याला अर्धाच रंग लागला.

"काका, तुम्ही आता चार दिवस आराम करा," साहेब म्हणाले. "भाड्याचं बंद. मोटार लावायची नाही, वास येतो. धारेची सोय कंपनीनं केलीय."

"मग मी येऊ नको?"

"यायचं तर! हजेरी आहे ना."

तेव्हा काका रोज वेळेवर येऊन खोलीत आराम करू लागले. दार उघडं ठेवलं की कॉरिडॉर दिसे, आणि कॉरिडॉरमधून जागतिक कीर्ती ये-जा करताना दिसे. मुलांमधला गेल्या वर्षीचा विजेता सोळा वर्षांचा होता. त्यानं स्वतःची उशी आणली होती, स्वतःचं पाणी आणलं होतं आणि एक माणूस आणला होता, ज्याचं काम 'तू ठीक आहेस' असं दर तासाला सांगणं हे होतं. माणूस स्वतः फारसा ठीक दिसत नव्हता. मुलींमधली गतविजेती तेरा वर्षांची. काकांनी तिचं नाव काचबाहुली ठेवलं. तिचं हसू संगीताबरोबर सुरू होई आणि शेवटच्या सुराला बंद पडे, जसं काही दोन्ही एकाच बटणावर आहेत. मागून तिची आई चाले. ती मात्र संगीत असो-नसो, हसतच नसे.

बर्फाच्या कडेला फुलांनी सजवलेला एक बाक होता. स्केटिंग झालं की मुलांनी तिथे बसून गुण ऐकायचे आणि कॅमेऱ्यात बघून रडायचं, असा जगभरचा शिरस्ता. काका त्याला 'रडायचा बाक' म्हणत. बायकोला ते खरं वाटलं नव्हतं.

"मुद्दाम बाक ठेवतात? रडायला?"

"फुलं पण ठेवतात."

"आपल्याकडे मोरीत रडावं लागायचं," ती म्हणाली. "पोरांची चैन आहे."

धारेची सोय करणाऱ्या कंपनीनं कपाटाएवढं यंत्र पाठवलं होतं आणि त्याच्याबरोबर एक तरुण तज्ज्ञ. यंत्रातून निळा उजेड निघे, पडद्यावर रेघा उमटत, म्हणून सगळे त्याला लेझरवाला म्हणू लागले. प्रत्येक स्पर्धकाला धार मोफत; अट एवढीच की यंत्राशेजारी उभं राहून फोटो काढू द्यायचा.

शुक्रवारी मुलींचा छोटा कार्यक्रम झाला. काचबाहुली पहिली आली आणि भिंगरी, काकांच्या धारेवर, चक्क दुसरी! गावाला एकदम आठवलं की आपण तिला लहानपणापासून ओळखतो. रविवारी दुपारी मोठा कार्यक्रम. दोन्ही मिळून पहिल्या तिघींत आली तर भिंगरीला राष्ट्रीय ज्युनिअर संघात जागा पक्की होती. न आली तर काय, तेही पक्कं होतं. तिची आई सरळ बाई होती. "इतकी वर्षं पहाटे पाचला उठले," तिनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. "आता एकतर संघ, नाहीतर शाळा. पुढच्या वर्षी मी झोपणार आहे."

शनिवारी सकाळी कोचबाई भिंगरीला घेऊन यंत्राकडे गेल्या. धारेची गरज नव्हती, पण सगळ्यांचे फोटो निघाले आणि आपला नाही, हे बाईंच्या पद्धतीत बसणारं नव्हतं. लेझरवाल्यानं स्केट यंत्रात घातला. निळा उजेड पडला. पडद्यावर लाल रेघ आली, आणि ती तिरकी होती.

"ही धार कुणी लावली?" त्यानं विचारलं. दुसरा स्केट घातला. तोही तिरका, त्याच बाजूला, तेवढाच.

मॅनेजरसाहेबांनी काकांना बोलावणं धाडलं. काका आले ते हसतच, आपलंही कौतुक व्हायचंय अशा बेतानं. तोवर तिथे तीन देशांचे कोच, दोन आया आणि उशीवाला विजेता जमला होता.

"काका, कडा तिरक्या आहेत," लेझरवाला म्हणाला.

"शक्यच नाही." काकांनी खिशातून नाणं काढलं, कडांवर ठेवलं, डोळा मिटला. "हे बघा. खणखणीत!"

लेझरवाल्यानं वाकून बघितलं. मग त्यानं ते नाणं अलगद उचललं, काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवलं आणि एका कडेला बोट लावलं. नाणं डुगडुगलं.

"काका," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "नाणंच वाकडं आहे."

कॉरिडॉरमध्ये बर्फ गोठवणाऱ्या पंपाचा आवाज ऐकू आला. मग मॅनेजरसाहेबांनी भाड्याचे पाच जोड मागवले. बावीस, सत्याण्णव, एकशे चाळीस, दोनशे चौदा, तीनशे तीन. पाचही पडद्यावर तिरके, एकाच बाजूला, केसाचाही फरक नाही.

"म्हणजे अख्खं गाव एकतीस वर्षं वाकड्या धारेवर नाचतंय!" लेझरवाला हसला. "पण सातत्य मानलं हं, काका. माझ्या यंत्रालाही इतकं जमत नाही."

सगळे हसले. उशीवाल्या विजेत्याच्या माणसानं त्याला लगेच सांगितलं की तू ठीक आहेस. कोचबाई मात्र हसल्या नाहीत. डावीकडची गिरकी, उजवीकडची अडचण आणि पडद्यावरची तिरकी रेघ, हे तीन ठिपके त्यांच्या डोक्यात एका क्षणात जोडले गेले असावेत, कारण त्या घाईघाईनं म्हणाल्या, "माझ्या पद्धतीचा याच्याशी काहीही संबंध नाही." तोवर तसं कुणी म्हटलंही नव्हतं.

भिंगरीच्या पात्यांना सरळ धार लागली. फोटो छान आला.

दुपारच्या सरावात भिंगरी सहा वेळा पडली.

काकांनी ते बघितलं नाही. ते घरी गेले होते. जिना चढून, बूट काढून, स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात नाणं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. एकतीस वर्षं वाकडं काम केलं, एवढंच."

"कोण म्हणालं?"

"यंत्र म्हणालं."

बायको त्यावर काहीच बोलली नाही. एरवी ती यंत्रालाही दोन शब्द सुनावल्याशिवाय राहिली नसती. काकांनी भिंतीकडे बघता बघता ही गोष्ट नोंदवली, पण तिचा अर्थ काही त्यांना लागला नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता हजेरी लावून काका खोलीत बसले होते, तोच दार उघडून भिंगरी आली. केस घट्ट बांधलेले, डोळे सुजलेले, कोपर सोललेलं. स्केट्स तिनं टेबलावर आपटले.

"काका, नेहमीसारखी करून द्या."

"धार सरळ आहे ती. यंत्रानं लावलीय."

"असेल. मला उभं राहता येत नाहीये तिच्यावर. उडी मारते, खाली येते, तर बर्फ जिथे असायला पाहिजे तिथे नसतोच!"

"बाई काय म्हणतात?"

"म्हणतात, पातं सरळ आहे, तूच वाकडी पडतेस."

काकांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पोरी, मी तुला आठ वर्षं चुकीची धार दिली. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर दिली नसती."

"मग बरं झालं माहीत नव्हतं ते," भिंगरी म्हणाली. "सरळ काय नि वाकडं काय, मला काय करायचंय? मला माझी धार पाहिजे. तीन वाजून दहा मिनिटांनी माझा नंबर आहे, आणि आईनं झोपायचं ठरवलंय."

काकांनी दाराबाहेर बघितलं. वरच्या खोल्यांमध्ये चोवीस मुलींचे केस वाळवायची चोवीस यंत्रं एकदम चालू होती. त्या गोंगाटात मोटार काय, विमान उतरलं असतं तरी कळलं नसतं. दार लावून त्यांनी चाक सुरू केलं. भिंगरीचे स्केट्स आधी घेतले नाहीत. भाड्याचा एक जोड घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाकडी धार लावायला बसले.

ती सरळ आली; भिंगरीच्या पात्याशी लावून बघितली तर जशीच्या तशी.

दुसरा घेतला. तोही सरळ, अगदी यंत्रानं लावल्यासारखा. तिसऱ्याला जोर दिला तर उलट्या बाजूला तिरका झाला. एकतीस वर्षं हात सरळ जायला बघत होता तर तिरका जात होता. आता तिरका जा म्हटल्यावर त्याला सरळपणाचा उमाळा आला होता. काकांच्या कपाळावर घाम आला. हाताला काय हवं होतं ते त्यांना कळत होतं. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, कचरा नेला का?"

"नेला की. सकाळीच."

काकांनी चाक बंद केलं.

"पण नाणं नाही नेलं," बायको म्हणाली. "ते मी काल रात्रीच काढून ठेवलं. पॉलिशचा डबा उघडायला लागतं मला."

"आज उघडलास?"

"रविवार आहे, बूट कोण घासणार? लेझरवाला?"

"अगं, आणखी वाकलं असेल ते! आहे तसं घेऊन ये. हात लावू नकोस. म्हणजे हात लाव, पण वाकवू नकोस!"

अर्ध्या तासात बायको आली. अंगात ठेवणीतला कोट, कारण रिंकवर एकवीस देश आले होते. पर्समधून रुमाल काढला, रुमालातून नाणं.

"द्यायच्या आधी एक सांगते," ती म्हणाली. "रागवायचं नाही."

"आधी दे तर."

"लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही कामावर नवीन लागला होतात. हे नाणं खिशातून घरी यायचं. एकदा पॉलिशचा डबा उघडेना, म्हणून मी त्यानं जोर लावला. डबा उघडला. नाणं जरासं... वाकलं."

काका तिच्याकडे बघतच राहिले. भिंगरी दोघांकडे बघत राहिली.

"मी सांगणारच होते दुसऱ्या दिवशी," बायको म्हणाली. "पण तुम्ही आलात तेच फुगून. म्हणे, आज धार काय लागलीय, पोरं नुसती भिरभिरतायत. मग म्हटलं, कशाला उगाच?"

"एकतीस वर्षं बोलली नाहीस!"

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

आता भांडायला वेळ नव्हता. काकांनी रांगत जाऊन मागच्या फळीवरून दोनशे चौदा नंबर काढला. कालच पडद्यावर तिरका ठरलेला, जुन्या धारेचा. त्याच्या कडांवर नाणं ठेवलं. छापा वर, टवका आपल्याकडे. डोळा मिटला. खोलीत कुणी श्वास घेतला नाही.

नाणं सरळ दिसलं. म्हणजे जितकं वाकडं असायला हवं, बरोब्बर तितकंच वाकडं होतं.

"सांगत होते ना," बायको म्हणाली. "दर वेळी त्याच कडेनं उघडते मी. ती वाकायची तेवढी केव्हाच वाकून झालीय."

काकांनी भिंगरीचा डावा स्केट शिकंज्यात धरला आणि पुन्हा तिरक्याचा अंदाज घेऊ लागले. बायकोनं ते बघितलं.

"अहो, मुद्दाम काही करू नका. मुद्दाम तुम्हाला काही येत नाही. नेहमीसारखी सरळच लावा, नि नाण्याला विचारा."

काकांनी खांदा सोडला. तो आपल्या जागी, दोन बोटं खाली गेला. मग एकदाही यंत्राचा, पडद्याचा, तीन देशांच्या कोचांचा विचार न करता त्यांनी अगदी मनापासून, प्रामाणिकपणे, सरळ धार लावली. एका पात्याला चार फेऱ्या, मग तेलाचा हात, मग नाणं.

"खणखणीत," ते म्हणाले. या वेळी हळू.

भिंगरीनं स्केट्स उचलले आणि पळाली. थँक्यू म्हणायचं राहून गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी काका खोलीतच होते. वर जागा नव्हती असं नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकही स्पर्धा वर बसून बघितली नव्हती. त्यांना कानानं कळे. चांगली उडी उतरली की बर्फावर कागद फाडल्यासारखा एक लांब, स्वच्छ आवाज येतो. चुकली की आधी 'टप्', मग घसरण, मग सगळ्या पायऱ्यांवरून एकदम 'आऽऽ'. बायकोही कोट सावरून शेजारी स्टुलावर बसली. भिंगरीच्या कार्यक्रमात सात उड्या होत्या.

संगीत सुरू झालं. काचबाहुलीचं होतं तसंच, कुणीतरी समुद्रात बुडाल्याचं.

पहिली. कागद फाटला. दुसरी. फाटला. बायको बोटं मोजत होती.

तिसरी. 'टप्'. वरच्या पायऱ्यांनी 'आ' म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच सोडून दिलं.

"पडली?" बायकोनं विचारलं.

"हात टेकला. पडली नाही. गप्प बस."

चौथी आणि पाचवी लागोपाठ, एकाच दमात. मग गिरकी, डावीकडची. पातं एकाच जागी फिरायला लागलं की वरच्या लाकडात बारीक थरथर उतरते, ती उतरली आणि टेबलावरची तेलाची बाटली किणकिणली. सहावी. कागद. मग बराच वेळ नुसतं संगीत, समुद्र काही संपेना. काकांनी मुठीत नाणं इतकं आवळलं होतं की ते तिथेच सरळ व्हायचं.

"अहो, ते द्या इकडे," बायको म्हणाली आणि मूठ उघडून तिनं नाणं काढून घेतलं.

सातवी. कागद फाटला तो फाटतच गेला, लांबवर, पार कडेपर्यंत. मग वरून धबधब धबधब आवाज आला. बायको दचकली.

"अस्वलं," काका म्हणाले. "कापसाची. फेकतात."

भिंगरी दुसरी आली. काचबाहुलीनं पहिला नंबर घेतला आणि शेवटच्या सुराला हसू बंद केलं. तरी रुपेरी पदक म्हणजे संघातली जागा, आणि भिंगरीच्या आईला आणखी चार-पाच वर्षांच्या पहाटा. भिंगरी फुलांच्या बाकावर बसून नियमाप्रमाणे रडली. मग माइक पुढे आल्यावर, शिकवलं होतं तसं, तिनं कोचबाईंचे, महासंघाचे, कंपनीचे आणि प्रेक्षकांचे आभार मानले. कोचबाई म्हणाल्या की डाव्या पद्धतीचा हा विजय आहे आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. मॅनेजरसाहेबांनी सहकार्याबद्दल सगळ्यांना प्रशस्तिपत्रं वाटली. केस वाळवायची यंत्रं पुरवणाऱ्यालाही मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात यंत्राशेजारचा शनिवारचा फोटो आला. खाली ओळ होती: 'अचूक धारेची किमया'.

सोमवारी काकांनी तो फोटो कापून फळीवर चिकटवला, बरोबर चाकाच्या वर. तेवढ्यात भिंगरी आली. स्केट्स टेबलावर आपटले. काखेत एक मऊ अस्वल होतं, तेही आपटलं.

"हे काकूंना. आणि काका, पाचपर्यंत पाहिजेत हं. उद्या संघाच्या शिबिराला जायचंय. तिकडे कुणी धार लावतो म्हटलं तर काय सांगू?"

"सांग, डॉक्टरनं मना केलंय."

ती गेली आणि तिच्या पाठोपाठ लेझरवाला आला. यंत्र खोक्यात गेलं होतं, माणूस निघायच्या बेतात होता. आत येताना त्यानं छताच्या दुसऱ्या पायरीवर डोकं आपटलं. सगळेच नवखे आपटतात.

"काका, एक विचारायचं होतं. बक्षिसानंतर फोटोसाठी मी तिचं पातं परत यंत्रात घातलं. लाल रेघ होती. तिरकी. तितकीच."

"असं?" काका म्हणाले. "यंत्र बिघडलं असेल."

"काका, चेष्टा नका करू. कंपनीला दाखवायचंय मला. नुसता तिरकेपणा नाहीये तो, त्यात काहीतरी आहे. मोजून बघतो, मग तशी सोयच करतो यंत्रात." त्यानं आवाज खाली आणला. "ते नाणं द्याल? अभ्यासाला. परत पाठवीन."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग फळीवरच्या फोटोकडे. खिशात हात घातला. बराच वेळ घातला. मग एक नाणं काढलं आणि दोन्ही हातांनी, देवघरातली मूर्ती द्यावी तसं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"जपून हं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं झालीत. छापा वर, आणि श्वास रोखून."

लेझरवाला हरखला. त्यानं ते कागदात गुंडाळून आतल्या खिशात ठेवलं, काकांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडताना त्याच पायरीवर पुन्हा डोकं आपटलं.

काकांनी दार लावलं, मोटार सुरू केली, भिंगरीचा डावा स्केट शिकंज्यात धरला आणि दुसऱ्या खिशातून नाणं काढलं. लेझरवाल्याला दिलेलं त्यांनी सकाळीच मोडीच्या दुकानातून आणलं होतं, बायकोच्या पॉलिशच्या डब्यासाठी. तसंच तांब्याचं, तसंच झिजलेलं, पण अगदी सरळ. कुठल्याही यंत्रात घातलं तरी खोट काढता येणार नाही, असं.